वाचन मोडलं

जावई अण्णांना पाण्यात पाहत होता, आणि गेल्या तीन वर्षांत त्याने ते लपवायचंही सोडून दिलं होतं. "घरजावई सगळ्यांकडे असतात," क्लासच्या मुलांसमोर तो म्हणायचा, "घरसासरा फक्त आमच्याकडे." मुलं हसायची. अण्णाही हसायचे, कारण हसलं नाही तर बघायचं कुठे हे त्यांना कळत नसे.

घर जावयाचं. खाली त्याचा इंग्रजी बोलण्याचा क्लास, वर त्याचा, अण्णांच्या मुलीचा आणि दोन नातवंडांचा संसार, आणि मागच्या खोलीत अण्णा व त्यांची सव्वीस खोकी, इंग्रजीच्या दर अक्षराला एक. खोकी बुटांची होती. नव्या शर्टाच्या घडीत जो पुठ्ठा येतो त्याची कार्डं कापून अण्णांनी ती भरली होती. नुसतं क्रियापद पाठ करून इंग्रजी येत नाही, हे त्यांचं जुनं म्हणणं. 'लुक' एकटं असलं तर नुसतं बघतं. मागे 'आफ्टर' आलं की सांभाळतं, 'इन्टू' आलं की चौकशी करतं, 'डाउन ऑन' आलं की तुच्छ लेखतं. आणि 'हळूच', 'जवळजवळ' अशी क्रियाविशेषणं नेमकी कुठे बसतात, हे पुस्तकापेक्षा कानाला जास्त कळतं. म्हणून मनाने रचलेलं एकही वाक्य ते घेत नसत. कार्डाच्या पुढे कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं वाक्य, मागे तारीख आणि बोलणारा. बँकेतला कारकून, दातांची डॉक्टरीण, फोनवरचा जावई, कुणीच सुटलं नव्हतं.

"अण्णांना इंग्रजी ऐकू येतं, समजत नाही," असं मुलगी थट्टेने म्हणायची. त्या भरवशावर नवराबायको त्यांच्या देखत बिनधास्त इंग्रजीत बोलत.

त्यातल्या निवडक चारशे कार्डांचं आता पुस्तक होत होतं. पुस्तकावर नाव जावयाचं. अण्णांनी त्यावर हूं की चूं केलं नाही. त्यांना ती खोली हवी होती, बाकी काही नको. "पुस्तक होऊ द्या, मग खोली कायमची तुमची," असं जावयाने तोंडाने सांगितलं होतं.

शेवटचं प्रूफ रविवारी सकाळी वाचायला घेतलं. सोमवारी छपाई. जावयाने घाईत काढलेली मागची पुस्तिका चुकांपायी सगळीच्या सगळी रद्दीत गेली होती, तेव्हापासून छापखान्याचा मालक पानापानावर अण्णांची सही बघितल्याशिवाय मशीन सुरू करत नसे.

वाचायची पद्धतही अण्णांचीच. मुलीने कार्ड दोन्ही बाजूंनी मोठ्याने वाचायचं, जावयाने प्रुफावर बोट ठेवून जुळवायचं, अण्णांनी डोळे मिटून ऐकायचं. वाचणारा मध्येच थांबला की वाचन मोडलं, मग ते अक्षर पुन्हा पहिल्या कार्डापासून. दुसऱ्यांदा थांबला तर सगळंच एपासून. दुसरी वेळ आजवर कधी आली नव्हती.

"हे म्हणजे नाकाने कांदे सोलणं आहे," जावई दर पानाला म्हणत होता. त्याने प्रूफ आधी चाळलंसुद्धा नव्हतं.

एल संपून एम सुरू झालं. मुलगी भराभर वाचत होती. "मूव्ह. वी विल क्वायटली मूव्ह हिम आउट ऑफ द बॅक रूम आफ्टर द बुक कम्स आउट." सवयीने तिने कार्ड उलटलं. "चौदा मार्च. बोलणारा जावई. जिन्यात, फोनवर."

ती थांबली. पुस्तक बाहेर आलं की त्यांना गुपचूप मागच्या खोलीतून हलवू. वाक्य सरळ होतं.

"कुणाला हलवणार होतात?" तिने नवऱ्याला विचारलं.

"उदाहरण आहे ते. क्लासमधलं."

"जिन्यात क्लास घेत होतात?"

जावयाने बोट प्रुफावरून उचलून अण्णांवर रोखलं. "ज्या घरात राहता त्याच घराच्या भिंतींना कान लावता? सासरा नाही, टेपरेकॉर्डर पाळलाय मी!"

"कान नाही लावला हो," अण्णा पुटपुटले. "तुम्ही मोठ्यानेच बोलता."

"आणि अण्णा, तुम्ही ऐकलंत, लिहून घेतलंत आणि मूग गिळून बसलात?" मुलगी म्हणाली.

काय सांगणार? त्यांना ते कळलंच नव्हतं. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहून त्यांनी एवढंच टिपलं होतं, की 'विल' आणि 'मूव्ह' यांच्या फटीत 'क्वायटली' किती अलगद बसलंय. खोलीत येऊन आनंदाने लिहून काढलं होतं. त्यातला 'हिम' कोण, हा प्रश्न मनाला शिवलाही नव्हता. अण्णांना रागाच्या आधी लाज वाटली. एवढी माणसांची वाक्यं जमवली आणि माणसं ऐकलीच नाहीत.

मुलगी नवऱ्यावर तुटून पडली. "माझ्या बापाकडून पुस्तक लिहून घ्यायचं आणि मग केसाने गळा कापायचा? जनाची नाही, मनाची तरी?"

जावई मागे रेलला. तो हसत होता. "वाच ना पुढे. त्यांनी मला सोडलं नाही, तुला बरं सोडलं असेल?"

मुलीचा चेहरा उतरला. अण्णांना तेव्हा 'टी'मधलं कार्ड आठवलं.

"एम पुन्हा पहिल्यापासून," ते हळूच म्हणाले.

मुलीने एमचा गठ्ठा पुन्हा उचलला. 'मूव्ह'चं कार्ड तिने या वेळी श्वास न घेता वाचून टाकलं. एन गेलं, ओ गेलं. पीमध्ये 'पुट अप विथ' आलं: अजून किती दिवस सहन करायचं यांना? बोलणारा जावई. अण्णा जन्मात पहिल्यांदा वाक्यं ऐकत होते, आणि प्रत्येक वाक्य लागत होतं. टीचा गठ्ठा आला तसा त्यांचा हात आपोआप त्यावर गेला.

"काय लपवताय?" जावई म्हणाला. "प्रुफात छापलंय ते. मी वाचू?"

"मी वाचते," मुलगी म्हणाली आणि तिने अण्णांचा हात बाजूला केला. "टॉक. डोन्ट शाउट ॲट हिम, आय विल जेंटली टॉक हिम इन्टू इट." त्यांच्यावर ओरडू नका, मी गोडीगुलाबीने गळी उतरवते. तिने कार्ड उलटलं. "चौदा मार्च. स्वयंपाकघर. बोलणारी..."

पुढचा शब्द तिने वाचला नाही.

"झालं?" जावयाने टाळी वाजवली. "उतरलं गळी? आता सह्या करा आणि आम्हाला मोकळं करा."

"अण्णा, ऐका तरी. दोन मुलांना अभ्यासाला खोली नाही, मी फक्त..."

"थांबलीस तू," अण्णा म्हणाले. "दुसऱ्यांदा."

"अण्णा!"

"वाचन मोडलं. एपासून घे."

"वेड लागलंय का?" जावई ओरडला. "उद्या छपाई आहे!"

अण्णांनी पेनाला टोपण लावलं. आवाज कापत होता, पण शब्द जागच्या जागी होते. "पुस्तक बाहेर आल्यावर, असं म्हणाला होतात तुम्ही. मी बरोबर लिहून घेतलंय. ते चुकांसकट बाहेर येऊन कसं चालेल?"

"उद्याही थांबली तर?"

"तर परवा एपासून."

जावयाने प्रूफ टेबलावर आपटलं. दरवाजापर्यंत गेला, सहीवाचून काही होणार नाही हे आठवून परत आला, आणि दातओठ खात पहिल्या पानावर बोट टेकवून बसला. मुलीने बापाकडे पाहिलं. बापाने डोळे मिटून घेतले होते.

"आस्क," ती वाचू लागली.

बीमध्ये जावयाची अकरा कार्डं होती आणि तिची सात. सकाळी ती सगळी कार्डं तिने न ऐकताच वाचून टाकली होती. आता तसं जमणार नाही, कुठेतरी ती थांबेलच, हे अण्णांना पक्कं ठाऊक होतं. टोपण लावलेलं पेन त्यांनी खिशात ठेवून दिलं.