पांढरं ताट

शनिवारच्या स्वयंपाकाच्या वर्गाची आठवण निघाली की लोक अजूनही माझं कौतुक करतात. मी पटकन विषय बदलते.

वस्तीच्या सभागृहामागे एक लांबट स्वयंपाकघर होतं. दोन शेगड्या, एक गळका नळ, आणि मुलांचे हात पोचावेत म्हणून सुताराकडून पाय कापून घेतलेली टेबलं. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिथे आठ ते बारा वर्षांच्या मुलांना रांधायला आणि नीट खायला शिकवायचे. वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येकाने काल रात्रीचं आपलं ताट कागदावर रंगवायचं, अशी माझी पद्धत होती. मग मी एकेक कागद उंच धरून विचारायचे, “रंग किती?” मुलं ओरडून मोजायची. ज्याचे रंग जास्त, त्याला त्या दिवशी कढईत डाव फिरवायला मिळायचा. मला ही पद्धत फार हुशारीची वाटायची.

खारूताई नऊ वर्षांची. पुढचे दोन दात मोठे, म्हणून हे नाव. तिचा कागद दर वेळी जवळजवळ कोराच. दुधात बुडवलेला पाव, नाहीतर मऊ भात. तिसऱ्या शनिवारी मी तो कागद उंच धरला आणि म्हटलं, “अगं, हे ताट आहे की धुतलेली चादर?”

मुलं पोट धरून हसली. मीही हसले. ती मान खाली घालून मटार सोलत राहिली. त्या दिवसापासून मुलं तिला ‘चादर’ म्हणायला लागली आणि मी एकदाही कुणाला गप्प केलं नाही.

पुढच्या शनिवारी तिच्या कागदावर गाजर होतं, पालक होता, बीट होतं. चांगले सात रंग! मी डाव तिच्या हातात दिला आणि सगळ्यांना म्हटलं, “बघा, एका आठवड्यात केवढा फरक!” ते सात रंग मला खरे वाटले. खरं सांगायचं तर, मी ते खरे वाटून घेतले.

वर्ग सुटल्यावर तिची आई दारात उभी होती. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात संध्याकाळच्या पाळीला जायची ती.

“बाई, पोर रात्री जेवत नाही हो. आठवडा झाला. पांढरं ताट नको म्हणते आणि सरकवून देते.”

“मग तू रात्री करतेस तरी काय तिला?” मी विचारलं. आवाज अजून वर्गातलाच.

“मी कामावर असते. माझे वडील करतात. जन्मभर पुस्तकं बांधली त्यांनी, आता हात इतके थरथरतात की सुरी धरली तर बोटंच कापायची. जे न चिरता होतं, तेवढं करतात. ती जेवत नाही, म्हणून तेही उपाशी झोपतात.”

तिने मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. पण ती म्हणाली, “तुम्ही समजवाल का तिला? तुमचं ऐकते ती.”

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. रिकाम्या हाताने माफी मागायची लाज वाटली, म्हणून भाजीची पिशवी नेली. ती देताना आणखीच लाज वाटली. जिन्याखालची एकच खोली. कोपऱ्यात पुस्तकं दाबायचा जुना लाकडी साचा, त्यावर दोन ताटं झाकून ठेवलेली. आजोबा धडपडून उठले.

“या बाई. पोर चांगलं शिकतेय तुमच्याकडे. मीच कमी पडतो हो. न चिरता होईल असं रंगाचं काही असेल, तर मला शिकवा.”

इतकी वर्षं मुलांना शिकवत होते, पण जिथे सुरी चालत नाही अशा घराचा मी कधी विचारच केला नव्हता.

“मी शिकवते,” पलंगावरून खारूताई म्हणाली. माझ्याकडे न बघता. “पण बाईंना बाहेर बसू द्या.”

“अगं, असं बोलतात का?” आजोबा कानकोंडे झाले.

“बरोबर बोलतेय ती,” मी म्हटलं आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. दार थोडं लोटलेलं होतं.

“टोमॅटो हातानेच कुस्करायचा, आजोबा. असा. पालक फाडायचा. आता मटार सोला.”

“अगं, दोन पातेल्यात पडतात नि चार पलंगाखाली!”

“मग दोनच घालू. आणि तुमचा भात टाकायचा नाही, यातच घालायचा.”

शिजल्याचा वास आला. मग आत ताटं वाजली. मी दाराशी तोंड नेलं.

“खारूताई, चुकलं माझं.”

“हळू बोला ना बाई,” आतून उत्तर आलं, “आजोबांना ठसका लागेल.” तिचंही तोंड भरलेलं होतं.