दोन्हीकडून एंगेज

आमच्या ऑफिसात कोड कोणी लिहीत नाही. टेलिफोनसाठी आमची स्वतःची चित्रभाषा आहे: चौकट म्हणजे फोनची अवस्था, बाण म्हणजे निरोप. आपण चित्र काढायचं. कॉम्प्युटर त्याचा कोड करतो आणि सकाळी मुकाट्याने एक्स्चेंजमध्ये चढवतो. ते मुकाट्यानेच मला नडलं.

आईचं परवा ऑपरेशन. मावशीशी तिची नऊ वर्षं बोलचाल बंद, तीही एका शिलाई मशीनपायी. "मी मेले तरी तिला कळवू नका," म्हणे. मावशीचं म्हणणं, "आधी तिने फोन करावा." दोघींपुढे मी हात टेकले. जेवणाच्या सुट्टीत वैतागून त्यांचं भांडणच चित्रात काढलं: दोन चौकटी, दोन्हींत 'समोरचीची वाट'. कॉम्प्युटरने लगेच लाल शेरा मारला, दोघी कायमच्या अडकल्या. अगं बाई, हे मला त्याने सांगायला हवं होतं? मग मी एक बाण घातला: अबोला फार झाला की फोन आपोआप जोडायचे आणि कोणीतरी "चुकलं माझं" म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत. आणि गाढवासारखं ते कामाच्याच फोल्डरमध्ये ठेवलं.

सकाळी गावभर फोन वाजले. कोणाचा कोणाशी अबोला, हे एक्स्चेंजला कसं कळलं देव जाणे. साहेब फोन कानाला लावूनच आले. पलीकडे त्यांचा मेहुणा. "मरेन, पण चुकलं म्हणणार नाही!" साहेब गरजले. अकरा वाजता जिन्यात जाऊन हळूच "चुकलं माझं" म्हणाले. दुपारपर्यंत गाव सुटलं. पडद्यावर एकच जोडणी उरली, आमच्या घरची.

मी हेडफोन लावला. नुसते श्वास. एकदा मावशी खोकली, आईने घसा खाकरला. बस्स.

"दोन बायकांसाठी एक्स्चेंज अडवायचं का?" साहेब ओरडले. मी रडत रडत बाण पुसला आणि सकाळची वाट न बघता चित्र हातानेच एक्स्चेंजमध्ये चढवलं. आता कसली बोलतेय आई!

तेवढ्यात पुन्हा लाल शेरा. आईने मावशीला फोन लावला होता, आणि त्याच क्षणी मावशीने आईला. दोघींना एंगेज! दोघी चिडून ठेवत होत्या, पुन्हा एकदमच लावत होत्या. चारदा झालं. दोघी एकाच वेळी लावतील, हे आम्ही कोणी कधी काढलंच नव्हतं.

"साहेब, एक बाण घालू?"

साहेब आता आपणहून मेहुण्याला फोन लावून बोलत होते. फोन बाजूला धरून म्हणाले, "घाल, पोरी."

फोन लागला. आई कडाडली, "किती वेळ एंगेज! कोणाशी बोलत होतीस गं?"

"तुलाच लावत होते."

आई रडायला लागली. मी हेडफोन काढून ठेवला.