आयरिसवर चढवलेली माती

घड्याळजींना उघडं काही बघवत नसे. उभं आयुष्य घड्याळांची पोटं उघडण्यात आणि धूळ जायच्या आत झाकण लावण्यात गेलं होतं. दुकान मुलाच्या हवाली केलं तरी हात शिवशिवायचेच. घरात डबा, दार, खिडकी, काहीही उघडं दिसलं की ते बंद करूनच पुढे जायचे. बायको म्हणायची, "मी जांभई दिली तरी हे झाकण शोधतील."

शेजारच्या सिस्टर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेल्या. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स, पण गल्लीने त्यांना दुसऱ्या नावाने कधी हाक मारलीच नाही. बागेला पाणी घालायचं सिस्टरच्या सुनेने आणि कुंपणावरून नजर ठेवायची घड्याळजींनी, असं ठरलं. "नुसती नजर हं. आयरिसच्या फुलझाडांना हात लावू नका," असं सिस्टरनी निघता निघता त्यांना बजावलं.

आयरिसचे कंद आल्यासारखे, जाडजूड. ते जमिनीत अर्धेच रुतलेले असतात आणि पाठ वर उघडी. त्या उघड्या पाठी घड्याळजींना येता-जाता दिसू लागल्या. काही दिवस त्यांनी कळ काढली. शेवटी एका दुपारी ते फाटकातून आत गेले आणि खत मिसळलेली माती ओंजळी भरभरून प्रत्येक कंदावर चढवली, वर थोपटलीही. खिडकीत सून उभी होती, तिच्याकडे बघून हसले. मग मोठे उपकार केल्याच्या थाटात घरी येऊन चहा प्यायले.

सिस्टर काठी टेकत परतल्या तोवर पानं पिवळी पडून आडवी झाली होती. त्यांनी खुरप्याने माती बाजूला केली. खाली कंदांचा नुसता लगदा, आणि वास असा की कुंपणापलीकडे घड्याळजींनी नाक धरलं.

"यांच्या पाठीला ऊन लागतं. पुरले की कुजतात," सिस्टर म्हणाल्या. "ही माती कुणी चढवली?"

सून पायरीवर उभी होती. ती घड्याळजींकडे बघत राहिली.

"घड्याळजी, तुम्ही पाहिलंत कुणाला?"

चूक झाली, हात जोडतो, एवढंच तर म्हणायचं होतं. पण ज्या माणसाच्या शब्दावर लोक महागडी घड्याळं पावतीशिवाय सोडून जात, त्याच्या तोंडून निघालं, "नाही बुवा. मी काही पाहिलं नाही."

मग कुंपणापलीकडून सिस्टरचं सुनेला बोलणं रोज ऐकू येऊ लागलं. "केलं ते कबूल करायला काय जातं तुझं? फुलांचं मला इतकं नाही, खोटेपणाचं वाईट वाटतं." सुनेच्या हातातली झारी गेली. त्या घरात येऊन तिला अजून फार दिवस झाले नव्हते, आणि आल्या आल्या पोरीच्या माथी हा शिक्का बसला. घड्याळजी मूग गिळून गप्प. अन्न गोड लागेना. ती समोरून येताना दिसली की ते रस्ता बदलत. आपण एका पोरीच्या आड लपलोय, याची त्यांना इतकी लाज वाटे की दाढी करताना आरशातल्या स्वतःकडेही ते धड बघत नसत.

एके दिवशी सिस्टर तपासणीला निघाल्या. त्यांनी घड्याळजींना घरात बोलावलं आणि कपाटाची किल्ली पुढे केली. "ही तुमच्याकडे राहू दे. घरात हल्ली कुणाचा भरवसा नाही."

सून तिथेच त्यांची पिशवी भरत होती. तिचे हात थांबले.

घड्याळजींचा हात काही केल्या उठेना. "सिस्टर, माती मी चढवली," ते म्हणाले. "उघडं बघवलं नाही मला. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा धडधडीत खोटं बोललो."

सिस्टर मटकन खुर्चीत बसल्या. निदान आता पोर सुटली, असं घड्याळजींना वाटलं. तिच्याकडे वळून त्यांनी हात जोडले. "तू तर पाहिलं होतंस ना मला? मग बोलली का नाहीस, बाळ?"

"आईंनी विचारलं त्याच दिवशी सांगितलं होतं त्यांना, काका," ती म्हणाली. "आई म्हणाल्या, स्वतःला वाचवायला इतक्या भल्या माणसाचं नाव घेतेस?"

सिस्टरनी खाली मान घालून किल्ली सुनेपुढे धरली. तिने ती घेतली नाही. पिशवीची चेन लावली आणि आत निघून गेली.