साडूचं पान

नानांच्या पोटात दुखायला लागलं ते इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात साडूंचं पान निघालं त्या दिवसापासून. 'थोर भारतीय लिपीतज्ज्ञ', पहिल्याच ओळीत! थोर म्हणे! अहो, एका घरातल्या दोन बहिणी दोघांनी केल्या, एकाच कॉलेजात दोघांनी इतिहास शिकवला. पण चारचौघांत साडू बोलणार आणि नाना कोपऱ्यात बसून मान डोलावणार, हे ठरलेलं. उभ्या आयुष्यात साडूंनी एकदा विचारलं नाही, की नाना, तुमचं काय मत? एवढं विचारलं असतं तरी नानांनी बाकीचं सगळं माफ केलं असतं.

त्या ज्ञानकोशात कुणीही लिहावं, कुणीही खोडावं असा कारभार. पण नुसतं खोडलं की लोक लगेच परत आणतात, हे नानांना तोंडावर पडल्यावर कळलं. मग खरं हत्यार सापडलं. वाक्यापुढे 'संदर्भ हवा' अशी खूण टाकायची. पुरावा नाही आला, की वाक्य उडतं. नानांनी 'चौकस' असं टोपणनाव घेतलं आणि सुटलेच. थोर? संदर्भ हवा. शेकडो ताम्रपट वाचले? संदर्भ हवा. जन्मसालालासुद्धा सोडलं नाही हो!

"सकाळपासून काय टकटक लावलीय?" बायकोने विचारलं.

"ज्ञानदान."

"भावोजींच्या पानावर ना? जळता आहात तुम्ही. वास येतोय स्वयंपाकघरापर्यंत."

पण करायला गेले गणपती आणि झाला मारुती. जगातले उत्साही लोक एकेका खुणेला पुरावा आणून चिकटवायला लागले. नाना आणखीच पेटले. चुका हुडकायच्या तर पुस्तकं वाचायला हवीत, म्हणून इतकी वर्षं हात न लावलेली साडूंची पुस्तकं लायब्ररीतून आणून तळटिपांसकट वाचली. एक राजा चुकीच्या शतकात बसवलेला सापडला, तेव्हा नाना नाचायचेच बाकी होते. दुरुस्ती केली, पुराव्यासकट. पुढे एका ताम्रपटाचं वाचन मात्र इतकं सुरेख निघालं, की दातओठ खात त्यांनी तेही पानावर लिहिलं. शेवटी इतिहासाचा मास्तर. खोटं लिहायला हात धजेना.

होता होता ते पान इतकं चोख झालं, की ज्ञानकोशाने उत्तम लेख म्हणून दर्शनी पानावर झळकवलं. नानांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

रविवारी साडू जेवायला आले. पाटावर बसून पहिला घास घेतात न घेतात तोच सुरू.

"नाना, तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कळतं. हा 'चौकस' कोण आहे, तेवढं शोधून द्या मला."

नानांनी आमटीची वाटी उगाच पुढे ओढली. "का? काय केलं त्याने?"

"काय केलं? अहो, माझी टीप न् टीप वाचलीय त्या माणसाने! आधी वाटलं, कुणी जळका असेल; काय त्या खुणा! पण त्या राजाचा घोळ आजवर कुणाला दिसला नव्हता, मलासुद्धा नाही. नवं पुस्तक छापायला देण्याआधी त्यालाच दाखवणार. त्याचं मत हवंय मला."

बायकोने नानांकडे पाहिलं. सांगा की, असं तिचे डोळे म्हणत होते. याच वाक्यासाठी तर नाना आयुष्यभर थांबले होते. पण 'मीच तो' म्हणायचं, तर जन्मसालापुढची खूणही आपलीच म्हणावी लागणार. जीभ उचलेना. उचलली तेव्हा सवयीचंच बोलून गेली.

"असेल कुणीतरी रिकामटेकडा."

साडूंनी ताटातला हात काढला. "रिकामटेकडा? तुम्ही माझं एक पुस्तक तरी उघडलंत का हो कधी? त्याच्या नखाची सर नाही तुम्हाला, नाना!"

नानांनी मान खाली घातली. साडूंचा राग राहिला बाजूलाच. त्या मेल्या चौकसचा असा काही हेवा वाटला त्यांना, की ताटातलं दिसेना.