मुंबईत चढायचं, कोचीनला उतरायचं

“बाबा, रद्दीतल्या बातमीवर कुनी जहाजात बसतंय का?” शिवकांतनं गल्ल्यावरूनच विचारलं.

शिवाप्पांनी हळदीची पुडी सोडून कागद तळहातानं सपाट केला होता. परदेशी झेंड्याच्या प्रवासी जहाजांना आपल्याच देशातल्या एका बंदरात माणसं चढवून दुसऱ्या बंदरात उतरवायची मोकळीक मिळाली, असं त्यात छापलं होतं. मोकळीक मिळून बरीच वर्षं झाली होती. झरीसारख्या गावात काही बातम्या पुडीला गुंडाळूनच येतात.

शिवाप्पांनी अशाच एका जहाजाच्या धुलाईखान्यात बावीस वर्षं चादरींना इस्त्री केली. लग्नात महादेवीला शब्द दिला होता, तुला माझ्या जहाजातनं मुंबईहून कोचीनला नेईन. पुढं कायदा आडवा आला. मुंबईत चढून कोलंबोला उतरता येई, कोचीनला नाही. हे गावात सांगितलं तेव्हा शेजारचा बन्सीधर पोट धरून हसला होता. “झरीत बसलेला मानूस परभणीत उतरवायचा न्हाई, डायरेक हैद्राबादला? आरं, जहाज-बिहाज कायी न्हाई, ह्यो मुंबईच्या लॉजात चादरी धुतोय!” तेव्हापासून गावात त्यांचं नाव ‘लॉजवाले’.

“आईचे गुडघे बघा की,” शिवकांत म्हणाला. “भर पान्यात कायी झालं मंजी?”

आतून तांदूळ निवडता निवडता महादेवी म्हणाली, “काय व्हनार? आपल्या लिंगायतांत मेलेल्याला बसवूनच माती देतेत. आवो, तितं खुर्च्या हायेत का?”

“लय हायेत,” शिवाप्पा गंभीरपणे म्हणाले.

“लोक हसतील.”

“चाळीस वर्षं हसायलेत. आजून दमले न्हाईत, त्याला मी काय करू?”

शिवकांतची बायको अनुपमा तोवर मोबाइलवर तिकिटं काढून मोकळी झाली होती.

निघायच्या दिवशी शिवाप्पांनी तूरडाळीचा भाव पुसून पाटीवर खडूनं लिहिलं : ‘दुकान चालू आहे. मालक मुंबईहून कोचीनला गेले आहेत. मध्ये कोलंबो नाही.’

बन्सीधरनं पाटी दोनदा वाचली. “मंजी... तसा कायदा खरंच व्हता?”

“व्हता,” ऑटोत बसता बसता महादेवी म्हणाली. “मानूस खोटा न्हवता.”

जहाजावर तिसऱ्या दिवशी सकाळी महादेवीनं लिंगपूजा उरकली, झरीहून आणलेलं बेलपान तांब्याखाली दाबून ठेवलं आणि ती खिडकीपाशी खुर्चीत बसली. लांबवर कोचीनचा किनारा दिसायला लागला होता. मागं कापडाची सळसळ ऐकू आली. शिवाप्पा पलंगावरची चादर ओढून नव्यानं घडी घालत होते.

“इस्त्री बगा ह्यांची. कोपरे कसे सोडलेत!”

“ठिवा ते,” ती वळूनही न बघता म्हणाली. “आज तुमी पाशिंजर हायेत.”

शिवाप्पांनी चादर सोडली. हातांचं काय करावं ते कळेना. मग हात मांडीवर ठेवून ते तिच्या शेजारच्या खुर्चीत ताठ बसले.