धबधब्याच्या वरचे मासे

नाकागोमे-सानांनी पहिल्या भेटीत मला दोनच प्रश्न विचारले. पोहता येतं का, आणि तोंड बंद ठेवता येतं का. मी दोन्हींना हो म्हणाले. पोहायची वेळ पुढे कधी आलीच नाही.

ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, डोंगरातल्या एका गावच्या मासेमारांच्या संघाचे प्रमुख. मी सुरुची, मूळची पुण्याची, योकोहामाच्या एका विद्यापीठात गोड्या पाण्यातल्या माशांच्या डीएनएवर काम करणारी आणि दरवर्षी करार वाढतोय की नाही या धास्तीत जगणारी पोस्टडॉक. आमची गाठ पडली ती इवानामुळे. इवाना म्हणजे ट्राउटच्या घराण्यातला, थंड पाण्यातला डोंगरी मासा. खालच्या नदीत संघ पन्नास वर्षं हॅचरीत वाढवलेले इवाना सोडत आला होता, त्यामुळे तिथे मूळचा मासा उरलाच नव्हता. पण दोन तास चढून गेलं की एका ओढ्यावर तीन पुरुष उंचीचा धबधबा लागतो. खालचा मासा तो चढू शकत नाही. धबधब्याच्या वर जे इवाना होते ते माणसाच्या आधीपासूनचे, असं नाकागोमे-सान म्हणायचे.

ओळखायची खूण सोपी होती. हॅचरीच्या माशाच्या पाठीवर तांदूळ सांडल्यासारखे पांढरे ठिपके असतात. वरच्या माशाची पाठ कोरी, फक्त कुशीवर केशरी टिकल्या. पण सरकारी कचेरीला माशाची पाठ दाखवून चालत नाही, कागद लागतो. कागद मिळाला तर ओढा राखीव होणार होता आणि वर ठरलेला सिमेंटचा बांध रद्द होणार होता. त्या कागदासाठी मी.

संघात माणसं नऊ. सगळ्यात तरुण होसाका-सान, वय अठ्ठावन्न, गावातले वायरमन. ही नऊ माणसं त्या ओढ्याचं नाव कधी घेत नसत. नुसतं ‘वर’ म्हणायचे. वर जाऊन आलो, वर पाणी कमी आहे. त्यांच्या बायकांनाही तो ओढा नेमका कुठला ते ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षांत त्यांच्यापैकी कोणी तिथे गळ टाकला नव्हता. मासे धरण्यात हयात गेलेली माणसं, आणि जिथे सगळ्यात देखणे मासे तिथे हात मागे बांधून बसायचे. दर ऑक्टोबरात हे म्हातारे गुडघाभर गार पाण्यात उभे राहून दंताळ्यानं खडी ओढायचे, गाळ धुवून काढायचे, गोटे निवडायचे आणि माद्यांना अंडी घालायला स्वच्छ अंथरूण करून द्यायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. माझ्या बाळंतपणाचीही एवढी तयारी कोणी केली नव्हती.

त्या ऑक्टोबरात आम्ही मोजले तेव्हा वर एकशे त्रेचाळीस मासे होते. त्यातल्या तिसांच्या पराचा मी नखाएवढा तुकडा कापून घेतला. दर वेळी कात्री लावली की नाकागोमे-सान माशाला म्हणायचे, “माफ करा हं.” मला वैतागायला झालं. तिसाव्या माशापर्यंत मीही म्हणायला लागले होते.

निकाल स्वच्छ आला. एकाही माशात हॅचरीचा अंश नव्हता. मी फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “सेन्सेई, हे कुठे छापाल तिथे जागा लिहू नका.” सेन्सेई म्हणजे शिक्षक; मला ते तशीच हाक मारायचे. मी शब्द दिला.

आणि शोधनिबंधात तो पाळलाही. ‘एका डोंगरी खोऱ्यातला ओढा’ एवढंच लिहिलं. पण निबंध छापायचा तर डीएनएचे निकाल जगाला खुल्या असलेल्या ऑनलाइन माहितीसाठ्यात भरावे लागतात. फेब्रुवारीतली शेवटची तारीख, करार वाढवायचा अर्ज त्याच आठवड्यात, माझ्या मुलीला, पूर्वीला, ताप. मी शेतातल्या कामगारासारखी मान खाली घालून तक्ता भरत सुटले आणि माझ्या वहीतला आख्खा रकाना तसाच चिकटवला. अक्षांश, रेखांश. दशांशानंतर पाच आकडे. पाच आकडे म्हणजे परक्या माणसाला त्या डोहाच्या काठावर नेऊन उभं करणारा पत्ता.

एक मार्चला मासेमारीचा हंगाम सुरू होतो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नाकागोमे-सानांचा फोन आला. “वर कोणीतरी येऊन गेलं आहे.” आम्ही चढून गेलो. काठावरचं शेवाळ बुटांनी तुडवलेलं, आमिषाच्या किड्यांचे रिकामे डबे, फांदीला अडकलेली गळाची तुटकी दोरी. दिवसभर डोह न् डोह पालथा घातला. अकरा मासे सापडले. येणाऱ्यांनी कायदा मोडला नव्हता, कारण ओढा अजून राखीव झालाच नव्हता.

“अकरातून पुन्हा भरेल?” नाकागोमे-सानांनी विचारलं.

“कोणी हात लावला नाही तर भरेल. वीस वर्षं लागतील.”

“वीस वर्षं माझ्याकडे नाहीत,” ते म्हणाले. “माशांकडे आहेत. चालेल.”

घरी येऊन मी मासेमारांच्या संकेतस्थळांवर शोधत बसले. तिसऱ्या पानावर सापडलं. ‘शुद्ध रक्ताचे इवाना,’ आणि खाली आकडे. माझे आकडे. शेवटच्या दोन अंकांसकट माझ्या वहीतले.  मी तो साठा उघडला, अक्षांश-रेखांश खोडून ‘अज्ञात’ लिहिलं आणि संगणकावरची खिडकी बंद केली. हे सगळं करायला चार मिनिटं लागली.

रात्रीच्या जेवणाला अद्वयला सांगितलं. माझा नवरा तोयोसुला एका कंपनीत प्रोजेक्ट बघतो आणि सगळ्या गोष्टींकडे तसंच बघतो.

“रेकॉर्ड फिक्स केलंस ना? मग आता कन्फेशन कशाला? जूनमध्ये तुझं रिन्यूअल आहे.”

“अरे, मी त्यांना शब्द दिला होता.”

“सांगितल्यानं मासे परत येणार आहेत का? मग? गप्प बस थोडे दिवस.”

दोष त्याचा नाही. मला हेच ऐकायचं होतं, म्हणून तर मी त्याला विचारलं.

मेमध्ये संघाची बैठक झाली. गावच्या सभागृहात चटयांवर नऊ जण आणि मी. नाकागोमे-सान काही विचारायच्या आतच होसाका-सान पुढे सरकले आणि कपाळ जमिनीला टेकवून म्हणाले, “माझ्यामुळे झालं.” डिसेंबरात त्यांनी फोनवरून एक फोटो टाकला होता. त्यात मासा नव्हता, ओढा नव्हता, फक्त बर्फ पडलेली डोंगराची धार. “त्या धारेवरून कोणीतरी ओळखलं असणार. मी हंगामाचा परवाना परत करतो. संघातूनही मला मोकळं करा.”

कोणी त्यांना बोल लावला नाही आणि कोणी उठवलंही नाही. नाकागोमे-सानांनी एवढंच म्हटलं, “परवाना टेबलावर ठेवा.” माझ्यासमोर चहा होता. मी तो पीत होते. एक वाक्य बोलायचं होतं, त्यासाठी लागणारे सगळे जपानी शब्द मला येत होते, आणि मी मूग गिळून बसले. ट्रेनमध्ये स्वतःला सांगत राहिले की जूननंतर सांगू. जूनमध्ये करार वाढला. मग म्हटलं, आता उन्हाळ्यात कशाला.

जुलैत एका दुपारी फोन वाजला. पडद्यावर होसाका. मी प्रयोगशाळेत नव्हते, कामात नव्हते, स्टेशनजवळच्या कोंबिनीबाहेर, म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानासारख्या दुकानाबाहेर, भाताचा गोळा खात उभी होते. यांना कळलं, असंच मनात आलं. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते तेव्हा समजलं. फोन वाजून वाजून थांबला. पाच मिनिटांनी पुन्हा आला. संध्याकाळी तिसऱ्यांदा. मी उचलला नाही. पूर्वी म्हणाली, “ममा, देन्वा! फोन!” मी म्हटलं, “वाजू दे, राँग नंबर आहे.”

त्यांनी पुन्हा कधी फोन केला नाही. माझा जीव भांड्यात पडला, हे सांगायचीही लाज वाटते.

ऑक्टोबरच्या शेवटी नाकागोमे-सानांचा निरोप आला की अंथरूण तयार केलं आहे, माद्या येतील, या. बसमधून उतरले तर त्यांच्याबरोबर होसाका-सान उभे. उन्हानं काळवंडलेले, गुडघ्याला पट्टा, पण चेहऱ्यावर लपवता न येणारं काहीतरी. “यांनाही यायचं आहे म्हणाले,” नाकागोमे-सान म्हणाले. “किती दिवस राग धरायचा?”

आम्ही चढलो. धबधब्याच्या वरच्या पहिल्या डोहाशी झुडपामागे बसलो. पाणी इतकं निवळ होतं की खडीतला प्रत्येक गोटा मोजता आला असता. मादी आली. कोरी पाठ, कुशीवर केशरी. अकरांतली एक. आडवी होऊन शेपटीनं खडी उडवत खड्डा करायला लागली. नाकागोमे-सानांनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांनी कधी असं केलं नव्हतं.

मग मागून नर आला आणि तिला खेटून उभा राहिला. त्याच्या पाठीवर पांढरे ठिपके होते.

नाकागोमे-सानांचा हात माझ्या हातावरून निघाला. वरच्या अंगाला आणखी दोन मासे दिसत होते. ठिपकेवाले. त्यांच्या मागे तिसरा, तसाच.

“आले ना?” होसाका-सान हळूच म्हणाले. “ऑगस्टमध्ये आणले. चाळीस. पाठीवर पिशवी बांधून, चार फेऱ्या. धबधब्याच्या बाजूच्या कड्यावरून. हॅचरीतला माणूस म्हणाला, यांचे आईबाप याच खोऱ्यातले. मी घालवले होते, मीच भरून द्यायला हवे होते.”

हॅचरीतला माणूस खोटं बोलला नसेल, त्याला तसंच सांगितलेलं असेल. पण पाठ डोळ्यांसमोर होती. पाण्यात नर आणि मादी दोघांनी एकदमच तोंडं उघडली, थरथरले, आणि पाणी क्षणभर दुधाळ झालं. मी ते पाहायला आयुष्यभर उत्सुक होते.

नाकागोमे-सान ओरडले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तितक्या सावकाश, की यातून जे निघतील ते वरचे नसतील, खालचेही नसतील, आणि त्यांची पिल्लं अकरांच्या पिल्लांत मिसळली की संपलं. “हे मोडावं लागेल,” ते म्हणाले आणि दंताळं उचललं. चाळीस वर्षं त्यांनी त्या खडीवर पाऊल पडू दिलं नव्हतं.

 होसाका-सानांनी दंताळ्याला हात घातला. “मी करतो. दोन्ही वेळा माझ्याच हातून झालं. मीच करतो.”

“थांबा,” मी म्हणाले. “पहिली वेळ तुमची नव्हती.”

मग सगळं सांगितलं. साठा, रकाना, पाच आकडे, चार मिनिटांत केलेली दुरुस्ती. सांगायला तेवढाच वेळ लागला.

“कधीपासून माहीत होतं?” नाकागोमे-सानांनी विचारलं.

“एप्रिलपासून.”

“बैठकीच्या आधी.”

“हो.”

त्यांनी होसाका-सानांच्या हातातून दंताळं काढून घेतलं आणि माझ्यासमोर धरलं.  मी ते घेऊन पाण्यात उतरले. मादी अजून खड्डा बुजवत होती. मी जवळ गेले तेव्हा बाजूला सरली, पण लांब गेली नाही. मी दंताळं ओढलं. खडीतून अंडी वर आली, ज्वारीच्या दाण्यांएवढी, पिवळी, आणि प्रवाहाबरोबर गेली. ठिपकेवाला नर त्यांतली काही खाऊ लागला. मी पुन्हा ओढलं. वरच्या डोहांत याच दिवसांत हेच चाललेलं असणार, आणि एक अंथरूण मोडून काही होणार नाही, हे आम्हां तिघांना कळत होतं. तरी मी ओढत राहिले, खाली काळा गाळ लागेपर्यंत. मादी परत येऊन त्या गाळावर शेपटी मारू लागली.

बाहेर आले तेव्हा नाकागोमे-सान उतरायला लागले होते. पाठ फिरवून, न थांबता. होसाका-सान दगडावर बसून गुडघ्याचा पट्टा आवळत होते.

“सेन्सेई,” ते म्हणाले, “जुलैत मी तुम्हाला फोन केला होता. हे मासे आणू का, तेवढंच विचारायचं होतं. तुम्ही कामात असाल.”

त्यांनी मला वाट करून दिली होती. नुसतं हो म्हणायचं होतं.

“नव्हते,” मी म्हणाले. “फोन हातातच होता.”