तिसरं पाणी

बाबा गेल्यापासून सात महिने नूतन निमगडेला वाटत होतं, की त्यांचं सगळं आपल्याकडे आहे. श्रावण निमगडे सरांनी राजुऱ्याच्या कॉलेजात एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. त्यांचे अकरा छापील शोधनिबंध तिने निळ्या रेक्झिनमध्ये बांधून घेतले. चष्मा कपाटात ठेवला. जुना कॉम्प्युटर पुसून साफ करून बुद्धविहाराच्या अभ्यासिकेला दिला, तेव्हा लोकांनी तिचं कौतुकही केलं.

मग एका रविवारी दुर्गा सिडाम आली. दुर्गा सरांची विद्यार्थिनी, जिवतीच्या डोंगरातल्या एका गुड्यावरची, आदिवासी पाड्यावरची, आणि आता त्याच कॉलेजात त्यांच्याच जागेवर लागलेली. नूतनला हे आधीपासून खुपत होतं. ती स्वतः नागपूरला शाळेत मराठी शिकवायची आणि महिन्यातून एकदा घर उघडायला राजुऱ्याला यायची. दुर्गा मात्र या घरात चहाचे कप कुठे असतात हे न विचारता जाणत होती.

काम असं होतं. विद्यापीठाने खुला संग्रह सुरू केला होता. प्राध्यापकांनी आपले लेख आपल्या हाताने तिथे ठेवायचे, म्हणजे ते कोणालाही फुकट वाचता येतात. सरांचे रानकंदांवरचे, रानफुलांवरचे लेख परदेशी नियतकालिकांतले, पैसे भरल्याशिवाय न उघडणारे. निम्मे रानकंद ज्या बाईने सरांना दाखवले, त्या गुणाबाईच्या, म्हणजे दुर्गाच्या आईच्या, ग्रामसभेला हे लेख जंगलाच्या आराखड्याला जोडायचे होते आणि गावालाच ते वाचता येत नव्हते. सर तर आता नाहीत. वारसाची सही लागणार होती.

नूतनने निळा ग्रंथ पुढे सरकवला आणि स्कॅन करून घे म्हणाली.

दुर्गाने त्याला हात लावला, पण उचलला नाही. छापलेलं पान प्रकाशकाचं असतं, ते चालत नाही, असं तिने सांगितलं. चालते ती लेखकाची स्वतःची शेवटची प्रत, परीक्षकांनी मान्य केलेली पण छपाईला जाण्याआधीची.

"ती कुठे आहे मग?"

"माह्याकडं हाये, ताई. पेनड्राइवमंधी."

नूतनला एकदम अभ्यासिकेतला तो कॉम्प्युटर आठवला. पुस्तकांवर जीव असलेल्या तिनेच नेमकं छापलेलं जपलं होतं आणि लिहिलेलं पुसून टाकलं होतं. ती म्हणाली की आधी सगळं वाचेन, मग सही. पेनड्राइव्ह ठेवून जा.

दुर्गाचा हात जरा रेंगाळला. "दुसरी कॉपी नाई हो. लॅपटॉप गेला तवापासून हे एकच हाये. आन् बाजूचं पुसू नका."

बाजूचं म्हणजे काय, ते ती गेल्यावर कळलं. पानाच्या उजव्या कडेला रंगीत चौकटींमध्ये बाबांनी दुर्गासाठी शेरे लिहिले होते. लेख दुर्गाने उतरवलेला, इंग्रजीत; शेरे मराठीत. "दुर्गे, हे वाक्य लिहिताना झोपली होतीस काय?" "इथे तुझी माय बरोबर आणि मी गाढव." "हा तक्ता इतका सुंदर झाला आहे की परीक्षकाला संशय येईल."

नूतन वाचत गेली. तिला बाबांचे फोन आठवले. जेवलीस का, ताप उतरला का, बरं, ठेवतो. ते मितभाषी आहेत असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं, शोकसभेतसुद्धा. आणि हा माणूस इथे पानोपानी बोलत होता, चिडवत होता, हसत होता. तिने एवढी पुस्तकं वाचली, पण तिच्या वाट्याला यातली एक ओळ आली नव्हती.

संग्रहात प्रत स्वच्छ हवी, शेऱ्यांशिवाय, असा नियमच होता. सगळे शेरे एका बटणात जात होते. चूक झाली म्हणायचं, सवय नव्हती म्हणायचं. कोणी काय बोललं असतं? नूतनने बोट त्यावर नेलं आणि थांबली. आधी निळ्या ग्रंथाशी ताडून पाहू, असं तिने स्वतःला सांगितलं. खरं तर तिला दुर्गाची एखादी चूक हवी होती.

दहा लेखांत ती सापडली नाही. अकराव्यात सापडली. छापील पानावर होतं की कडूकंद तीन पाण्यांतून उकळून काढावा, प्रत्येक पाणी फेकून द्यावं. दुर्गाच्या प्रतीत दोनच पाणी होती. नूतनने तिथल्या तिथे फोन लावला.

"तुझ्या प्रतीत दोन पाणी आहेत, दुर्गा. दोन पाण्यांचा कंद खाऊन माणूस आजारी पडतं ना? हे तू लोकांपुढे ठेवणार होतीस? तुझ्या आईच्या गुड्यावर?"

बोलताना तिला गोड लागत होतं.

"म्हंजे हे शेवटची प्रत नाई, ताई," दुर्गा म्हणाली. "मायनं मागून सांगतलं होतं, तिसरं पाणी पायजेच म्हणून. मी सरायले कळवलं. तवा ते डोळ्याच्या ऑपरेशनले तुमच्याकडं होते. मी म्हटलं, पाठवा, मी करते. तर म्हणे, राहू दे, माही पोरगी करून राह्यली." मग म्हणाली, "लेखाचं वझं मी वाह्यलं अन् शेवटचा हात तुमचा. मले लय राग आला होता तुमचा."

नूतनने फोन ठेवला.

एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू. बाबा तिच्या नागपूरच्या घरी पाच दिवस होते. चाचणीचे पेपर तपासायचे बाजूला ठेवून तिने त्यांना काहीतरी वाचून दाखवलं होतं, भरभर, कंटाळून. ते सांगतील तसं बदललं होतं. तिथे तीन कर, गुणाबाई म्हणते, असं ते म्हणाले होते. मग तिनेच स्वतःच्या मेलवरून ते पाठवून दिलं होतं.

शोधायला दोन मिनिटं लागली. लेखासोबत संपादकाला चार ओळींचं पत्र होतं, बाबांनी सांगितलेलं, तिने टंकलेलं. शेवटची ओळ इंग्रजीत अशी होती, की डोळे बांधलेले असल्याने हे काम माझ्या मुलीने केलं आहे, चुका राहिल्या तर त्या माझ्या समजाव्यात. हे तिने स्वतःच्या बोटांनी टाइप केलं होतं आणि तिला आठवतही नव्हतं.

त्या आठवड्यात तिने स्वच्छ प्रती वेगळ्या काढल्या, अकरावी आपल्या मेलमधली घेतली, आणि सही केली. लेख ठेवणाऱ्याचं नाव विचारलं होतं, तिथे दहा लेखांवर दुर्गाचं लिहिलं, अकराव्यावर स्वतःचं. पेनड्राइव्ह होता तसा परत केला, एकही शेरा न पुसता. त्या शेऱ्यांची एक नक्कल आपल्याकडे ठेवली, हे मात्र सांगितलं नाही.

संग्रहात प्रत्येक लेखाखाली तो किती जणांनी उघडला याचा आकडा येतो. नूतन तो रोज शाळेत निघण्याआधी पाहते. कडूकंद एकोणीसवर आहे. दुर्गाच्या नावाने ठेवलेला मोहफुलांचा लेख बासष्टवर गेला. मोहफुलं कोणीही वाचेल, असं ती मनात म्हणते आणि पुन्हा एकदा स्वतःचाच लेख उघडते. वीस.